पहिल्या रविवारी बाहेर जाणारा माणूस

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि त्याची तयारी गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी बंगळुरूला होती, आणि रिकामी बाई लोकांच्या चौकशा करत हिंडण्यापेक्षा कामात बरी, असा विचार चर्चच्या कमिटीने केला असावा. मार्केट यार्डातून काळ्या मनुका आणायच्या, शुक्रवारी भिजत घालायच्या, शनिवारी उकळायच्या, कुस्करायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. झाला आमचा द्राक्षारस. मग तो बोटभर उंचीच्या कपांत ओतायचा. लोक वेदीपुढे रांगेने गुडघे टेकतात, पाळक एकेकाला भाकरीचा तुकडा आणि कप देतात, एक रांग उठली की दुसरी येते.

काम दिल्याने चौकशा काही थांबल्या नाहीत. उलट मला वेदीच्या बाजूची खुर्ची मिळाली आणि तिथून अख्खं चर्च समोरून दिसतं. कोण डुलकी काढतं, कोण मोबाइल बघतं, कुठल्या दोन जावा आज लांब लांब बसल्यात, सगळं कळतं. मी ह्याला निरीक्षण म्हणते. माझी मुलगी भोचकपणा म्हणते.

त्या खुर्चीवरूनच मला तो दिसला. पंचेचाळिशीचा, जरा स्थूल, इस्त्रीचा शर्ट, मागून चौथ्या बाकावर बायकोशेजारी बसणारा. गाणी मोठ्याने आणि बेसूर म्हणायचा. एरवीच्या रविवारी तो शेवटच्या आशीर्वादापर्यंत थांबायचा आणि चहाबरोबर चार बिस्किटंही खायचा. पण पहिल्या रविवारी, प्रत्येकाने स्वतःला तपासून मगच मेजाजवळ, म्हणजे वेदीपुढे, यावं असा इशारा पाळकांनी वाचला, की हा माणूस हळूच उठायचा आणि बाहेर निघून जायचा. बायको एकटी पुढे यायची. उपासना संपली की तो पार्किंगमध्ये लोकांच्या दुचाक्या सरळ लावताना दिसायचा.

एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झाल्यावर मला स्वस्थ बसवेना. मी तर्क लढवायला सुरुवात केली. गुडघे दुखत असतील? पण प्रार्थनेच्या वेळी तर तो दाणकन गुडघ्यांवर बसायचा. पाळकांशी वाजलं असेल? पण पाळकांची स्कूटर गॅरेजला तोच नेऊन आणायचा. मग मला वाटलं, ह्याला द्राक्षारसात तसलं काही असतं अशी शंका असणार. मी खूश झाले, कारण ही शंका दूर करणं माझ्या हातातलं काम होतं. एका रविवारी चहाच्या टेबलाजवळ मी त्याला गाठलं आणि यीस्ट, साखर आणि आंबण्याची क्रिया असा अर्धा धडा घेतला. "आणि गाळून झालं की मी लगेच फ्रीजमध्ये ठेवते," मी म्हटलं, "आंबायला वेळच मिळत नाही."

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, दहावीला तुम्ही असता तर मी पास झालो असतो." आणि बिस्किट घेऊन निघून गेला. मी घरी पोचेपर्यंत हसत होते. कुलूप उघडताना लक्षात आलं की ह्या माणसाने माझ्या मनातल्या प्रश्नाला उत्तरच दिलेलं नाही.

उत्तर मिळालं ते एका शनिवारी. तो खराडीत एका कंपनीच्या इमारतीत एसीच्या देखभालीचं काम करायचा. चर्चमधला वेदीवरचा पंखा आवाज करत होता म्हणून शिडी लावून तो वर चढला होता आणि मी खाली ट्रे पुसत होते. दोघंच होतो. मी सरळ विचारलं, "अहो, तुम्ही पहिल्या रविवारी बाहेर का जाता?"

वर स्क्रू फिरवल्याचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, "कुठे बोलणार नाही ना?"

"छे," मी म्हटलं. हे 'छे' मी फार पटकन म्हटलं.

तो खाली उतरून पायरीवर बसला आणि हातातल्या स्क्रूकडे बघत बोलला. तो दारू प्यायचा. दीड वर्षापूर्वी सगळ्यांसमोर सोडली होती. मला तो रविवार आठवत होता, त्याच्या बायकोने उभं राहून रडत साक्ष दिली होती आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दोन महिने टिकलं. नंतर परत सुरू झालं, पण बायकोला ते ठाऊक नव्हतं. ती एका हॉस्पिटलात नर्स, दुपारपाळी करून नऊला घरी यायची, तोपर्यंत ह्याची अंघोळ, बडीशेप सगळं उरकलेलं असायचं. वेदीपुढे गुडघे टेकून त्याने चार वेळा देवाला शब्द दिला आणि चार वेळा मोडला. पाचव्या खेपेला त्याची जीभ वळेना. म्हणून त्याने स्वतःच एक नियम घालून घेतला होता. सलग तीस दिवस प्यायचं नाही, मगच मेजाजवळ जायचं. आजवर तीस कधी झाले नव्हते. बावीसपर्यंत मजल गेली होती. बायकोला त्याने सांगितलं होतं की प्रभुभोजनाच्या वेळी गाड्यांवर लक्ष ठेवायला कुणीतरी लागतं.

"एखाद्याला किती वेळा फसवायचं, बाई?" तो म्हणाला. "तोंड वर करून जायचं कसं?"

मला त्याची खरंच दया आली. मी म्हटलं, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन." आणि केली. तिथेच सगळा घोळ झाला.

आमच्या बायकांची प्रार्थनासभा दर बुधवारी चार वाजता कुणाच्या तरी घरी असते. त्या बुधवारी ती फातिमानगरला होती. ह्या सभेची एक रीत आहे. डोळे मिटून एकेकीने मोठ्याने प्रार्थना करायची, आणि ज्याच्यासाठी करायची त्याचं नाव घ्यायचं नाही. 'हे प्रभू, तू त्याचं नाव जाणतोस' असं म्हणायचं. नाव घेतलं नाही म्हणजे चुगली झाली नाही, असा आमचा समज आहे. प्रत्यक्षात प्रभूइतकंच सगळ्या बायकाही नाव जाणतात. कुणाच्या सुनेचं काय चाललंय, कुणाचा मुलगा कुणाबरोबर राहतोय, हे मला गेल्या अकरा वर्षांत प्रार्थनेतूनच कळत आलंय. गच्चीवर बोललं तर ते पाप. डोळे मिटून बोललं तर ती सेवा.

माझी पाळी आली आणि मला भरून आलं. मी म्हटलं, हे प्रभू, आमच्या त्या भावाला सांभाळ जो मेज मांडलेलं असताना उठून बाहेर जातो, ज्याने सोडलेली दारू त्याला सोडत नाही, जो घरी सांगू शकत नाही, तू त्याचं नाव जाणतोस. चांगली लांब प्रार्थना झाली. दोनतीन जणी हुंदके देत होत्या. आमेन म्हणून मी डोळे उघडले तर दाराशी त्याची बायको उभी होती.

तिची त्या दिवशी सुट्टी होती. उशीर झाला म्हणून प्रार्थना मोडू नये असा विचार करून ती चपला काढून तिथेच थांबली होती, हातात ढोकळ्याचा डबा घेऊन. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपलं घर कुणी दुसरंच उघडून आत बसलंय असं काहीतरी त्या बघण्यात होतं. डबा चपलांच्या स्टँडवर ठेवून ती जिना उतरून गेली. कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, हिचाच नवरा होय!" जसं काही कुणाला माहीतच नव्हतं.

त्याच आठवड्यात ती रजा टाकून भावाकडे श्रीरामपूरला गेली. दोन रविवार तोही चर्चला आला नाही. मला मात्र फोन यायला लागले. किती पितो, मारतो का, नोकरी आहे ना अजून. आयुष्यभर मी चौकशा केल्या, पण लोक माझ्याकडे चौकशी करायला लागल्यावर ते कसं लागतं हे पहिल्यांदा कळलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. दुसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी, त्याच्या सुट्टीचा दिवस बघून, मी रिक्षा करून वडगावशेरीला त्याच्या घरी गेले.

दार उघडून तो म्हणाला, "या बाई. प्रार्थना करायला आलात की ऐकायला?"

"शिव्या खायला," मी म्हटलं. "माझं चुकलं. मी शब्द दिला आणि मोडला."

तो बाजूला झाला. आत सगळं नीटनेटकं होतं, फक्त गॅसवर तीन दिवसांचा असावा असा चहा पातेल्यात वाळलेला. तो शिव्या देईना, बसही म्हणेना. मी आपली बसले. माफी मागून झाली होती, आता उठायला हवं होतं, पण मला एक प्रश्न पडला होता आणि तो विचारल्याशिवाय मला उठता येईना. खरं सांगायचं तर विचारताना मी घाबरले होते.

"मला एक सांगा," मी म्हटलं. "प्यावीशी वाटते म्हणजे नेमकं काय होतं? कधी होतं? दिवसभर?"

"हे मला कुणी विचारलं नाही कधी," तो म्हणाला. "सोडा म्हणणारे खूप भेटले."

आणि मग तो तासभर बोलला. दिवसभर काही होत नाही. सकाळी तर आठवणही येत नाही. खरा त्रास सहा ते साडेसात. सहाला कामावरून सुटलं की हात मोकळे होतात, चंदननगरला बस बदलायची असते, आणि त्या दहा मिनिटांत पाय आपोआप वळतात. तहान नव्हे. घरी जाऊन कुलूप उघडायचं आणि अंधाऱ्या खोलीत दिवा लावायचा, तेवढंच नको वाटतं. साडेसात वाजून गेले आणि घेतली नसेल तर मग तो दिवस सुटला. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, म्हणजे इतका मोठा राक्षस दीड तासाचा आहे. आम्ही चर्चमध्ये 'तो पडला' म्हणतो आणि भोवती उभं राहून बघतो. कुठे पडतो, कशाला अडखळतो, हे बघायला वाकतं कोण?

त्या दिवसापासून रोज सहाला मी त्याला फोन करायला लागले. उपदेश करायचा नाही, प्रार्थना करायची नाही, हे आधीच ठरलं होतं. अट त्याचीच होती. मग बोलायचं काय? मी विचारत राहिले. अख्खी काचेची इमारत गार कशी ठेवतात? गच्चीवरच्या त्या टॉवरमधून पाणी का पडतं? मुलांना मी तीस वर्षं शिकवलं की थंडी नावाची वस्तू नसते, फक्त उष्णता एका जागेहून दुसरीकडे जाते. पण ती पाइपातून कुठून कुठे जाते हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्याने मला एका शनिवारी गच्चीवर नेऊन सगळं दाखवलं, वॉचमनला 'आमच्या बाई' म्हणून ओळख करून देत. बस बदलताना तो बोलत असायचा, कुलूप उघडताना बोलत असायचा. दिवा लागला की म्हणायचा, "लावला, बाई." मग मी फोन ठेवायचे.

रजा संपल्यावर त्याची बायको परत आली. माझ्याशी बोलत नव्हती, त्याच्याशीही कामापुरतंच. ती एकदाच काय ते म्हणाली होती आणि ते त्याने मला सांगितलं. "तुम्ही प्यायलात ह्याचं इतकं नाही. बाईंना माहीत होतं आणि मला नव्हतं." भावाने तिला श्रीरामपूरच्या हॉस्पिटलात नोकरी बघून ठेवली होती. जायचं की राहायचं हे तिने ठरवलं नव्हतं. आणि ह्याने आपली सगळी आशा तीस दिवसांवर लावली होती. मी त्याच्या घरी गेले त्याआधीचे दोन दिवसही कोरडे गेले होते, त्यामुळे हिशेब असा बसला होता की तिसावा दिवस बरोबर पहिल्या रविवारी येत होता. त्या दिवशी तो तिच्याबरोबर उठणार होता आणि पुढे जाणार होता. बावीस ओलांडल्यावर त्याच्या आवाजात फरक पडला. तेवीस, चोवीस, पंचवीस. सव्विसाव्या दिवशी दिवा लागल्यावर मी एकटीच स्वयंपाकघरात टाळी वाजवली.

सत्ताविसाव्या दिवशी, गुरुवारी, त्याने फोन उचलला नाही. सात वाजता त्याचाच आला. "बाई, घेतली."

मला इतका संताप आला की मी ओरडले. "अहो, तीन दिवस! तीन दिवस राहिले होते! तुम्हाला काही—" आणि थांबले. पलीकडे बसचा हॉर्न ऐकू येत होता. हा माझा राग नेमका कुणासाठी आहे, असं मला वाटून गेलं. त्याच्यासाठी, की माझा प्रयोग फसला म्हणून?

"घरी सांगणार?" मी विचारलं.

"सांगायलाच हवं. खरं म्हणजे आधी तिलाच सांगायचं होतं. सवयीने तुम्हाला लागला."

"मग ठेवा फोन," मी म्हटलं. "ती आली की तिला सांगा. आणि ती काय म्हणाली ते मला सांगू नका. मी विचारणार नाही."

फोन ठेवला आणि माझी जी काय अवस्था झाली! शुक्रवारी सहाला मी नेहमीसारखा फोन केला, त्याने दिवा लावला, मी एकही प्रश्न विचारला नाही. शनिवारीही नाही. जीभ चावून चावून दुखायला लागली होती.

शनिवारी पाळक मेज बघायला आले तेव्हा मी एवढंच विचारलं, "साहेब, एखाद्याने ठरवलं की मी तीस दिवस नीट राहीन आणि मगच मेजाजवळ येईन, तर ते बरोबर आहे का?"

त्यांनी 'कोण' असं विचारलं नाही. ट्रे सरळ करत म्हणाले, "पहिल्या मेजाभोवती प्रभूबरोबर जे शिष्य बसले होते, बाई, त्यांतला एकही सकाळपर्यंत टिकला नाही. आणि हे प्रभूला वाढतानाच माहीत होतं." मग म्हणाले, "तीस दिवसांची अट लावली तर उद्या वाढायला मीही नसेन. कशाचे तीस ते विचारू नका."

मी विचारलं नाही.

रविवारी दोघं आले. एकाच बाकावर, पण मध्ये एक माणूस मावेल इतकी जागा सोडून. त्या जागेवरून मला काहीच अंदाज बांधता येईना. पाळकांनी इशारा वाचला आणि तो उठून बाहेर गेला. तिने मान वर केली नाही.

पहिली रांग पुढे आली, उठली. दुसरी आली. अकरा वर्षांत मी ती खुर्ची सोडली नव्हती. आता कप न घेताच उठले आणि बाजूच्या दाराने बाहेर गेले. तो एका स्कूटरचा स्टँड लावत होता.

"बाई, तुम्ही इथे कशा? आत संपलं?"

"नाही. मीही बाहेर आलेय." मग मी त्याला ते सांगितलं जे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्या घरी जाऊन आले त्या सोमवारपासून मीही दिवस मोजत होते. कुणाबद्दल कुणाकडे काही बोलायचं नाही, एवढंच. मला वाटलं होतं, सोपं आहे. दारूसारखं थोडंच आहे? माझी मजल चार दिवसांच्या पुढे गेली नव्हती. परवा, शुक्रवारी, दुधाच्या पिशव्या आणायला गेले आणि शेजारणीच्या मुलीचं मोडलेलं लग्न सगळं सांगून आले. "आणि तरी मी दर महिन्याला त्या खुर्चीत बसते," मी म्हटलं, "आणि सगळ्यांच्या आधी कप घेते. मला कधी बाहेर जावंसंही वाटलं नाही. हे कसं?"

त्याने हात पुसले. आतून गाण्याचा आवाज येत होता, म्हणजे शेवटची रांग राहिली होती.

"आज तिसरा दिवस, बाई," तो म्हणाला.

"माझा दुसरा."

तो हसला नाही. त्याने दाराकडे पाहिलं. मग शर्ट नीट खोचला आणि चालायला लागला. मीही त्याच्यामागून गेले. सगळं चर्च बघत होतं. बघू दे म्हटलं, मी आयुष्यभर दुसरं काय केलं? वेदीपुढे डाव्या टोकाला जागा होती. त्याने गुडघे टेकले. मी अगदी लगत त्याच्याशेजारी गुडघे टेकले. पाळक पलीकडच्या टोकापासून भाकर देत येत होते.

मागे पावलं वाजली. माझ्या खांद्याला कुणीतरी बोट लावलं. त्याची बायको उभी होती. दीड महिन्यात ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"बाई, तुम्ही जरा पलीकडे व्हा," ती म्हणाली. "ह्यांच्या शेजारी मी बसते."

मी सरकले.